गोळीसोबत शिडीही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या चिंताविकाराचा विषय निघाला की लोकांचे दोन तट पडतात. एवढ्याशा जिवाला गोळ्या कशाला, म्हणणारा एक; औषध सुरू करा, बाकी सगळं आपोआप होईल, म्हणणारा दुसरा. मी फार्मासिस्ट आहे आणि दहा वर्षांच्या एका मुलाची आई आहे. या दोन्ही तटांवर मी राहून आले आहे, म्हणून हे पत्र.

मी डोळ्यांआड झाले की मला काहीतरी होणार, ही माझ्या मुलाची भीती. आठव्या वर्षी सुरू झाली. मी आंघोळीला गेले की तो दाराबाहेर बसून दर मिनिटाला हाक मारायचा आणि मी आतून ‘ओ’ द्यायची. शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं. सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या आल्या. (दुखणं खोटं नव्हतं. भीतीनं पोट खरंच दुखतं, हे घरातल्या मोठ्यांना पटवायला मला वर्ष लागलं.) शाळेतून फोन आला की मी काम टाकून त्याला आणायला धावायची. याला मी माया समजत होते. प्रत्यक्षात मी भीतीची बडदास्त ठेवत होते. माझ्या प्रत्येक ‘ओ’ने तिचं पोट भरत होतं.

आम्ही पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी ‘फारच घाबरला तर अर्धी द्या’ म्हणून बेन्झोडायझेपिन वर्गातली, म्हणजे घाबरणं तेवढ्यापुरतं शमवणारी, गोळी लिहून दिली. पुढे काय करायचं ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. गोळी दिली की तो शांत शाळेत जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याभरात तो विचारायला लागला, ‘आई, गोळी दप्तरात आहे ना?’ तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आपण सुखरूप राहिलो ते गोळीमुळे, एवढंच तो शिकला होता. या गोळ्यांची सवय लागते, आणि भीतीला तोंड देऊन जे शिकायचं त्यात त्या आड येऊ शकतात, हे मला पुस्तकातून माहीत असायला हवं होतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. औषध नकोच. बालमानसतज्ज्ञ ताईंनी एक्स्पोजर थेरपी सुरू केली. भीतीची शिडी कागदावर काढायची, सर्वांत सोपी पायरी खाली, अवघड वर, आणि एकेक चढायची. ही पद्धत काही आजची नाही. 1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती अशीच घालवल्याचं लिहून ठेवलं आहे. तो खात असताना ससा रोज थोडा जवळ आणत गेले. आमच्या शिडीची पहिली पायरी होती: आई पाच मिनिटं न्हाणीघरात, हाक मारायची नाही. तीही त्याला जमेना. दोनदा उलटी झाली, तिसऱ्यांदा त्यानं शिडीचा कागदच फाडला. सात आठवड्यांनी ताईच म्हणाल्या, ‘शिडी बरोबर आहे, पण पाय टेकायलाच त्याला जमिनीवर जागा नाही. बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवू या.’

तिथे सरट्रालिन सुरू झालं, नैराश्य आणि चिंतेवरचं रोज घ्यायचं औषध. ज्या गोळीची पाकिटं मी वर्षानुवर्षं हातावेगळी केली, ती स्वतःच्या मुलाच्या तळहातावर ठेवताना माझा हात थांबला. कारण इशाराही मला पाठ होता. 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सरट्रालिनसारख्या नैराश्यावरच्या औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला: चाचण्यांत औषध घेणाऱ्या सुमारे 4 टक्के मुलांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं, साधी गोळी (औषध नसलेली, तुलनेसाठी दिलेली) घेणाऱ्यांत 2 टक्के. त्या चाचण्यांत आत्महत्या एकही झाली नव्हती. डॉक्टरांनी हे न लपवता सांगितलं आणि पहिले काही आठवडे काय पाहायचं ते लिहून दिलं: झोप, चिडचिड, एका जागी न बसणं, मरणाच्या गोष्टी. दुसऱ्या आठवड्यात तो खरंच रात्री बारापर्यंत उड्या मारू लागला. मी फोन केला, डोस निम्म्यावर आला, मग सावकाश वाढला.

पाचव्या आठवड्यात भीती गेली नाही. दहापैकी नऊ होती ती सहावर आली. पण सहाच्या भीतीशी बोलता येतं, आणि आम्ही शिडी पुन्हा काढली.

सर्वांत अवघड पायरी सांगते. मी मुद्दाम उशिरा यायचं, किती उशिरा ते न सांगता, आणि त्याचा फोन उचलायचा नाही. घरात आजी होती, पण ‘येईल रे, येईल’ असं म्हणायचं नाही, हे आजीलाही शिकवावं लागलं. निघण्याआधी त्यानं वहीत लिहिलं, ‘आई गाडीखाली येणार. नक्की.’ मी खाली जिन्यात बसून वीस मिनिटं मोजली. वरून त्याचं रडणं ऐकू येत होतं. नंतर थांबलं. मी आत गेल्यावर त्यानं समोरच्या रकान्यात लिहिलं, ‘उशिरा आली. काही झालं नाही. मी रडलो, मग चित्र काढलं.’ ताई दर वेळी त्याला विचारत, ‘हे कोणी केलं, गोळीनं की तू?’ दप्तरातल्या गोळीचा अनुभव असल्यामुळे हा प्रश्न किती मोलाचा आहे ते मला कळत होतं. म्हणूनच अवघड दिवशीही जास्तीची गोळी नाही. रोज तीच, त्याच वेळी.

हा केवळ आमच्या घरचा अनुभव नाही. 2008 मध्ये अमेरिकेतल्या 488 मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, वय 7 ते 17. बारा आठवड्यांनी, एक्स्पोजर ज्याचा गाभा आहे ती वर्तनोपचार पद्धत आणि सरट्रालिन दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे 81 टक्के मुलं बरीच सुधारली होती. फक्त थेरपीनं 60, फक्त औषधानं 55, साध्या गोळीनं 24. थेरपीचे 60 म्हणजे थोडे नव्हेत. भीती सौम्य असेल तर आधी शिडीच लावावी, असंच मी काउंटरवर विचारणाऱ्या आयांना सांगते. आणि हेही सांगते की त्या मुलांना काही वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा जेमतेम निम्मीच चिंतामुक्त होती, मग सुरुवातीला उपचार कोणताही मिळालेला असो. म्हणून आम्ही वही बंद केलेली नाही.

माझं गाऱ्हाणं एवढंच आहे. पालक महिनोन्‌महिने गोळीची चिठ्ठी घेऊन येतात, आणि ‘शिडी कुठवर आली?’ विचारलं तर माझ्याकडे बघत राहतात. त्यांना तो शब्दच कोणी सांगितलेला नसतो. गोळीनं शांत झालेलं मूल शाळा टाळतच राहिलं, तर औषध थांबवताच भीती पुन्हा तिथेच उभी राहण्याचा धोका मोठा. उलट काही मुलं थेरपीत महिनोन्‌महिने पहिल्याच पायरीवर रडत असतात आणि औषधाचं नाव काढायला सगळे घाबरतात. आपल्या पत्रातून लहान मुलांच्या औषधांविषयी लेख येतील तेव्हा हे दोन्ही त्यात यावं, अशी विनंती आहे. गोळ्या मनानं एकदम बंद करू नयेत, हेही ठळक छापावं.

आमच्याकडे वर्षभरानं डोस उतरवायला घेतला आहे, शाळा सुरू होण्याच्या तोंडावर नव्हे, सुट्टीत. प्रत्येक वेळी डोस कमी झाला की आम्ही जुन्या पायऱ्या पुन्हा चढतो. काल न्हाणीघराची पायरी होती. तो विसरूनच गेला होता की मी आत आहे.

आपली,
एक फार्मासिस्ट आई