पेप्टाइडची कुपी आणि गोव्याचा पावसाळा

माननीय संपादक महोदय,

पेप्टाइडची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची, हजारो रुपयांची भुकटी प्रयोग सुरू होण्याआधीच वाया जाताना मी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत अनेकदा पाहिली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जुलैमधली गोष्ट. एका विद्यार्थिनीने उणे 20 अंशांच्या फ्रीझरमधून कुपी काढली आणि घाईघाईत तशीच उघडली. बाहेर मुसळधार पाऊस होता. पाहता पाहता काचेवर दव साचले आणि तळाची कापसासारखी हलकी भुकटी आक्रसून काचेला चिकटून बसली. गोठवून सुकवलेले पेप्टाइड हवेतले पाणी ओढून घेते. मग वजन चुकते आणि पदार्थही लवकर खराब होतो. कुपी बंद ठेवूनच, शक्यतो सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात), खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. त्यात अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल, पण आपल्या दमट हवेत ही पायरी गाळू नये.

दुसरी चूक हिशेबाची. कुपीसोबतच्या पत्रकावर शुद्धता 98 टक्के असली, तरी भुकटीत पाणी आणि ट्रायफ्लुओरोॲसिटेटसारखे क्षार असतात, त्यामुळे प्रत्यक्ष पेप्टाइड 75 टक्केच भरू शकते. अशा वेळी 1000 रेणुभाराच्या पेप्टाइडची 1 मिलिग्रॅम भुकटी 1 मिलिलिटरमध्ये विरघळवून आपण सांद्रता 1 मिलिमोलर (लिटरमागे एक सहस्रांश मोल) लिहितो, ते खरे 0.75 असते, आणि पुढचे सगळे निष्कर्ष त्या चुकीवर उभे राहतात.

विद्रावक पेप्टाइड पाहून निवडावा. आम्लारीधर्मी असेल तर पाणी किंवा विरल ॲसेटिक आम्ल; पाण्यात न विरघळणाऱ्यासाठी थोडे डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हा द्रव). मात्र पेप्टाइडमध्ये सिस्टीन किंवा मेथिओनिन ही अमिनो आम्ले असल्यास डीएमएसओ टाळलेलेच बरे, कारण त्याने ऑक्सिडीकरण होते. आधी चिमूटभर भुकटीवर चाचणी घ्यावी.

तयार द्रावण एकाच नळीत ठेवून रोज वितळवणे व पुन्हा गोठवणे, ही तर सर्रास चालणारी पद्धत. त्याऐवजी एका प्रयोगाला पुरतील असे, समजा 50 मायक्रोलिटरचे, भाग करून गोठवावेत, प्रत्येकावर नाव, सांद्रता, विद्रावक आणि तारीख लिहावी, आणि वितळलेला भाग परत गोठवू नये. घरगुती पद्धतीचा, आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर यासाठी निरुपयोगी आहे, कारण त्याचे तापमान सतत वरखाली होत राहते.

आणि वीज! एका चतुर्थीच्या सुट्टीत आमच्याकडे वीज गेली, फ्रीझर बंद पडला आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. सुट्टीनंतर दार उघडले तेव्हा खणात पाणी साचले होते आणि नळ्यांवरची शाईची अक्षरे विरघळून गेली होती. दोन विद्यार्थ्यांचे वर्षभराचे काम त्यात गेले. महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांनी नवी उपकरणे घेण्याआधी प्रयोगशाळेच्या फ्रीझरला जनरेटरची स्वतंत्र जोडणी आणि तापमान वाढताच वाजणारा गजर द्यावा, एवढी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, फोंडा