कणांची संख्या छापली, ओळख राहून गेली

महोदय,

प्रथिनयुक्त इंजेक्शनांत आढळणाऱ्या कणांविषयीची कालच्या अंकातील बातमी वाचली. कण मर्यादेत असल्याने काळजीचे कारण नाही, हा तिचा निष्कर्ष मला मुळीच पटला नाही. १०० मिलिलिटरपर्यंतच्या इंजेक्शनच्या एका बाटलीत १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व त्याहून मोठे ६००० आणि २५ मायक्रॉन व त्याहून मोठे ६०० कण चालतात हे खरे. परंतु ही मोजणी बहुधा प्रकाशझोतात पडणाऱ्या सावलीवरून होते. प्रथिनांचे गोळे जवळजवळ पारदर्शक असल्याने त्यांतले बरेच नजरेआड होतात आणि सिरिंजमधील सिलिकॉन तेलाचा निरुपद्रवी थेंब मात्र कण म्हणून मोजला जातो. कण काच आहे, बुचाचे रबर आहे की प्रथिनच गोठून एकत्र आले आहे, हे कळण्यासाठी तो गाळणीवर धरून सूक्ष्मदर्शकाखाली अवरक्त किरणांनी तपासावा लागतो. त्याविषयी बातमीत एक ओळही नाही.

इन्सुलिन हेही एक प्रथिनच. गेल्या उन्हाळ्यात माझ्या आईच्या इन्सुलिनच्या बाटलीत पांढरे पापुद्रे तरंगताना दिसले आणि काचेला आतून तुषारासारखा थर धरलेला होता. आई घेते त्या प्रकारचे इन्सुलिन पाण्यासारखे नितळ असावे लागते. साताऱ्यातील औषध दुकानदाराने मात्र, दुधाळ इन्सुलिन हलवून घ्यावे लागते तसे हेही हलवून घ्या, असे सांगितले. मी हट्ट धरल्यावर त्याने बाटली बदलून दिली, आणि जुनी माझ्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली. ती प्रयोगशाळेत गेली असती तर दोष कारखान्यातला, वाहतुकीतला की दुकानातला, हे समजले असते. त्याच दुकानात इन्सुलिनच्या बाटल्या फ्रीजरच्या बर्फाला टेकवून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. २ ते ८ अंशांत ठेवायचे औषध एकदा गोठले की त्यातील प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि मग ते फेकूनच द्यावे लागते. दुकानांच्या तपासणीत फ्रीजमधला तापमापक कोणी पाहतो की नाही, याचेही उत्तर मिळायला हवे.

अशा गुठळ्यांमुळे शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करू शकते, म्हणून संशयित बाटली दुकानदाराने पावती देऊन जपून ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनाने ती तपासणीसाठी ताब्यात घ्यावी, एवढीच माझी मागणी आहे. औषधाचा त्रास झाल्यास कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो आपण पुढील बातमीसोबत ठळकपणे छापावा, ही विनंती.

— एक वाचक, शाहूपुरी, सातारा