पाहुण्याला घरचा म्हणण्याआधी

महोदय,

स. न. वि. वि.

नोकरी सोडून एका छोट्या गावात निवास-न्याहारीचे घर चालवू लागलेल्या दांपत्यावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. जुने घर त्यांनी किती मायेने दुरुस्त केले, त्याचे वर्णन वाचून आनंद झाला. आम्ही पतिपत्नीही अकरा वर्षांपूर्वी याच वाटेने आलो आणि आज चार खोल्या चालवतो. लेखातील एक गोष्ट मात्र मनातून जाईना. आपल्याकडे ग्राहक येत नाहीत, घरचीच माणसे येतात, असे त्या दोघांचे म्हणणे आहे आणि लेखाचा सारा सूरही त्याच भावनेवर बेतलेला आहे. सुरुवातीला आम्हीही हीच समजूत उराशी बाळगली होती. पहिल्या दोन वर्षांतल्या आमच्या बहुतेक चुका तिच्यातूनच झाल्या, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

घरच्या माणसाला अंधारात पाणी प्यायला उठताना उंबरठा कुठे आहे हे पायाला ठाऊक असते. कोणते दार जरा उचलून लोटावे लागते, जिन्याची कोणती पायरी उंच आहे, गिझरचे बटण कोणत्या भिंतीवर आहे, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. पाहुण्याला यातले काहीच माहीत नसते. तो दिवसभराच्या प्रवासाने थकून येतो, अनोळखी खोलीचे दार आतून लावतो आणि आपल्यावर विसंबून झोपी जातो. त्याला मनापासून घरचा मानावे, त्यात गैर काही नाही. पण घरचा मानले की त्याला काही सांगायला, दाखवायला, लिहून द्यायला हवे हेच आपण विसरतो, आणि मला भीती आहे ती या विसरण्याची.

अमेरिकेतील अटलांटा शहरात 7 डिसेंबर 1946 च्या पहाटे वाइनकॉफ हॉटेलला आग लागली आणि 119 माणसे मरण पावली. त्या हॉटेलची जाहिरात अग्निरोधक इमारत अशीच केली जात असे, आणि इमारतीचा सांगाडा आगीनंतरही खरोखर उभा राहिला. परंतु पंधरा मजल्यांना मिळून जिना एकच होता आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे वरच्या मजल्यांवर झोपलेल्यांना बाहेर पडायला वाट उरली नाही. चार खोल्यांच्या घराला एवढ्या मोठ्या दुर्घटनेचे उदाहरण लावणे कुणाला अतिशयोक्तीचे वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण प्रश्न तोच आहे: झोपेतून दचकून उठलेल्या अनोळखी माणसाला वाट सापडेल का? प्रत्येक खोलीत आणि जिन्यावर धूर ओळखून वाजणारे यंत्र, वीज गेल्यावर आपोआप लागणारा दिवा, आतून किल्लीशिवाय उघडणारे दार आणि बाहेर पडण्याच्या वाटेचा दारामागे लावलेला साधा नकाशा, एवढ्या गोष्टींना खोलीच्या रंगकामापेक्षाही कमी खर्च येतो. आम्ही मात्र रंगकाम आधी केले होते.

न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर त्याहून अधिक सावध राहायला हवे. हवा पुरेशी खेळत नसेल आणि गॅस अर्धवट जळला, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, गरगरते, आणि माणूस ते थकव्यावर घालून आत तसाच थांबतो. गिझर न्हाणीघराबाहेर बसवावा, त्याचा धूर नळीवाटे थेट उघड्यावर सोडावा आणि हा वायू ओळखणारे यंत्र लावावे. घरच्या माणसाने खिडकी उघडी ठेवायची सवय लावून घेतलेली असते. पाहुणा थंडीत ती लावून घेणारच.

पाण्याच्या बाबतीत लहान निवासांना एक विशेष धोका आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. आपल्या खोल्या कित्येक दिवस रिकाम्या असतात आणि तेवढे दिवस नळांत पाणी साचून राहते. अमेरिकेतील फिलाडेल्फियातील एका हॉटेलात 1976 मध्ये ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर दोनशेहून अधिक लोकांना न्यूमोनियासारखा आजार होऊन 34 जण दगावले. पुढच्या वर्षी त्यामागचा जिवाणू सापडला आणि त्या संघटनेच्या नावावरूनच त्याला लीजनेला म्हणू लागले. कोमट, साचलेल्या पाण्यात तो वाढतो आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. म्हणून रिकाम्या खोलीतला प्रत्येक नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा तरी काही मिनिटे सोडावा, आणि गरम पाण्याच्या टाकीचे तापमान 60 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये. मात्र एवढे गरम पाणी थेट अंगावर आले तर काही सेकंदांत भाजते, तेव्हा नळापाशी गार पाणी मिसळणारी झडप हवीच. आमच्याकडे हे काम सोमवारी सकाळी होते आणि वहीत तारीख घालून त्यापुढे सही केली जाते. वही नव्हती तेव्हा प्रत्येकाला वाटे की दुसऱ्याने नळ सोडला असेल.

नव्या चालकांचा सर्वांत अधिक वेळ आणि शक्ती कशात जाते असे कुणी विचारले, तर मी चादरी आणि टॉवेल असेच उत्तर देईन. प्रत्येक पलंगामागे तीन जोड लागतात: एक अंथरलेला, एक धुण्यात आणि एक कपाटात. आम्ही दोन जोडांवर सुरुवात केली. पहिल्याच सलग पावसाच्या आठवड्यात दमट अभ्रे इस्त्रीने कसेबसे वाळवून उशांवर चढवले आणि त्या वासाची तक्रार पाहुण्यांनी अतिशय सौम्य शब्दांत केली. त्या सौम्यतेनेच मला अधिक वाईट वाटले. गादीवर पाणी न झिरपणारे आवरण, उशीला अभ्र्याखाली दुसरा अभ्रा, सगळ्या चादरी पांढऱ्या आणि एकाच मापाच्या, हे सारे पुढे अनुभवातून आले. पांढऱ्या रंगाचा आग्रह दिखाव्यासाठी नाही. पांढऱ्यावर डाग लपत नाही, सगळे कपडे एकत्र गरम पाण्यात टाकता येतात आणि एक चादर फाटली तर तिच्या जागी कोणतीही दुसरी चालते.

ढेकणांविषयी उघड लिहिणे आपल्या व्यवसायात अशुभ मानले जाते, तरीही लिहिते. ढेकूण अस्वच्छतेमुळे येत नाहीत, ते सामानातून येतात, आणि अत्यंत स्वच्छ घरातही एका बॅगेतून येऊ शकतात. रक्त न मिळाले तरी ते कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे खोली काही दिवस बंद ठेवून प्रश्न सुटत नाही. चावल्याच्या खुणा काहींच्या अंगावर काही दिवसांनी उठतात आणि काहींच्या अंगावर उठतच नाहीत, म्हणून पाहुण्यांच्या तक्रारीची वाट पाहणेही चुकीचे. पाहुणा गेल्यावर चादर काढताना गादीची शिवण, पलंगाच्या डोक्याकडची फळी आणि तिच्यामागची भिंत विजेरीने पाहावी. बारीक काळे ठिपके दिसले तर ती खोली त्याच क्षणी भाड्याने देणे थांबवावे, कपडे 60 अंशांवर धुवावेत आणि जाणकाराला बोलवावे. अनेक औषधांनी अंडी मरत नाहीत, त्यामुळे दोन आठवड्यांच्या आसपास दुसरी फवारणी लागते. आमच्या तिसऱ्या वर्षी आम्ही भर हंगामात एक खोली तीन आठवडे बंद ठेवली आणि ज्यांचे आरक्षण होते त्यांना खरे कारण कळवून पैसे परत केले. त्यांतले एक कुटुंब पुढच्या वर्षी आले. उरलेले आले नाहीत आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

न्याहारीबद्दल थोडक्यात. कोणता पदार्थ अंगाला चालत नाही हे आरक्षणाच्या वेळीच विचारून लिहून ठेवावे, कारण सकाळी पानावर बसल्यावर विचारले तर संकोची माणूस सांगत नाही. तसेच खोल्यांचे आरक्षण घेणाऱ्या दोन संकेतस्थळांवरच्या दिनदर्शिका एकमेकींना जोडल्या, तरी त्या लगेच जुळतात असे गृहीत धरू नये. त्या मधल्या काही तासांत आमची एक खोली दोन कुटुंबांना दिली गेली होती आणि रात्री दहा वाजता लहान मूल कडेवर घेतलेल्या आईला मला नाही म्हणावे लागले. दुसरीकडे जागा मिळवून दिली खरी, परंतु तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून शेजारच्या दोन निवासांशी अशा वेळी एकमेकांना खोली देण्याचे आम्ही ठरवून ठेवले आहे.

आता याच समजुतीची दुसरी बाजू. पाहुणा घरचा झाला की आपले घर आपले उरत नाही. पहिल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघराला दार नव्हते आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटत असे. कोणीही केव्हाही आत यावे, चहा मागावा, गप्पा माराव्यात. लोकांना ते फार आवडले. सहा महिन्यांनी आमच्या लक्षात आले की आम्ही दोघे एकमेकांशी फक्त टॉवेल, किल्ल्या आणि येणाऱ्या गाड्या यांविषयीच बोलत होतो. कुणाच्या कानावर जाईल या धास्तीने भांडणही होत नव्हते, आणि न झालेली भांडणे साचत होती. माझ्या पतीला ताप असताना त्यांनी उठून, दाढी करून, हसतमुखाने न्याहारी वाढली, आणि त्या दिवशी दुपारी मी सुताराला बोलावून स्वयंपाकघराला दार बसवून घेतले.

दिवसभर प्रसन्न दिसणे हेही श्रमच आहेत. नोकरीत ते आठ तासांनी संपतात. राहत्या घरातल्या व्यवसायात ते संपण्याची वेळ आपणच ठरवली नाही तर ते संपतच नाहीत. आम्ही रात्री नऊनंतर आमच्या भागात जातो आणि तातडीसाठी फक्त एक घंटा ठेवतो. आठवड्यातला एक दिवस कोणतेही आरक्षण घेत नाही आणि हंगामाबाहेर सलग तीन आठवडे घर बंद ठेवतो. उत्पन्न थोडे घटले, हे मान्य करते. पण ज्या वर्षी आम्ही हे सुरू केले, त्याच्या आदल्या वर्षी हे घर विकून टाकण्याचे आमचे जवळजवळ ठरले होते. घराचे नियम, येण्याजाण्याच्या वेळा, आरक्षण रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हे सारे लिहून आधीच पाठवणेही त्याच वेळी सुरू केले. नियम लिहिले तर आपलेपणा कमी होईल अशी मला धास्ती होती. प्रत्यक्षात पाहुणे अधिक मोकळे झाले, कारण काय विचारलेले चालेल आणि काय नाही, याचा अंदाज बांधत बसण्याची त्यांच्यावर वेळ येईना.

आपल्या लेखातील दांपत्याचा पहिला हंगाम अजून संपलेला नाही, असे दिसते. आपल्या द्वारे त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, दोघांनी आपल्याच प्रत्येक खोलीत एकेक रात्र पाहुणा होऊन झोपावे: बॅग घेऊन आत जावे, दार लावावे, तिथल्याच शॉवरखाली आंघोळ करावी, आणि मध्यरात्री मुख्य बटण बंद करून अंधारात बाहेरच्या दारापर्यंत चालत यावे. आम्ही हे चौथ्या वर्षी केले. मागच्या खोलीची कडी आतून अडकते हे तेव्हा कळले, आणि तोपर्यंत त्या खोलीत तीन वर्षे माणसे झोपत होती.

आपली नम्र,
चार खोल्यांचे निवास चालवणारी एक वाचक