जकात म्हणजे दान नव्हे

संपादक महोदय,

इस्लाममधील दानधर्मावर आपण छापलेला लेख वाचला. लेखकाने आस्थेने लिहिलं आहे, शंकाच नाही. पण ‘उत्पन्नाचे अडीच टक्के दान केले की मुसलमानाचे दानाचे कर्तव्य पूर्ण होते’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. उभा जन्म हिशेब तपासण्यात गेल्यामुळे त्या मला अधिकच टोचल्या.

पहिली चूक हिशेबाची. हे अडीच टक्के म्हणजे जकात, ऐपत असलेल्या मुसलमानावर धर्माने बंधनकारक केलेला हिस्सा. ते उत्पन्नावर नसतात, शिलकीवर असतात. २० दीनार सोनं किंवा २०० दिरहम चांदी ही जुनी मर्यादा. सोन्याचं माप आजच्या वजनात साधारण ८५ ग्रॅम भरतं. तेवढी संपत्ती चांद्र वर्षभर हाताशी राहिली, तर तिचा चाळीसावा हिस्सा द्यायचा. राहतं घर, अंगावरचे कपडे, कामाची अवजारं त्यात धरत नाहीत. पिकाचा हिशेब निराळा: पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, स्वतः पाणी काढून पिकवलं असेल तर विसावा. कष्टाला सूट देणारी ही तरतूद मला फार आवडते. आमच्या धंद्यातल्या पुष्कळ नियमांना एवढं शहाणपण नसतं.

दुसरी चूक मोठी आहे. जकात हे दान नव्हेच. कुरआनच्या ७०व्या अध्यायात सज्जनांचं वर्णन करताना म्हटलंय, की त्यांच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ‘ठरलेला हक्क’ असतो. हक्क म्हटल्यावर ते देणं झालं. देणं फेडणाऱ्याला आपण दाता म्हणत नाही. ती कुणाला द्यायची याचे आठ वर्ग नवव्या अध्यायात नेमून दिलेत, आणि स्वतःच्या गरजू आईवडिलांना किंवा मुलाबाळांना ती देता येत नाही. कारण त्यांना पोसणं हे मुळातच आपलं काम.

दान सुरू होतं ते त्यानंतर. त्याला सदका म्हणतात. त्याला ना टक्केवारी, ना ठरलेला महिना, ना घेणाऱ्याचा धर्म. खरेपणा सांगणाऱ्या ‘सिद्क’ या शब्दाच्याच मुळातून तो आलाय. माणसानेच घ्यावा असंही नाही. तहानेने व्याकूळ होऊन ओली माती चाटणारं कुत्रं पाहून एक वाटसरू विहिरीत उतरला, पायातला चामडी मोजा पाण्याने भरला, तो दातांत धरून वर चढला आणि कुत्र्याला पाणी पाजलं; अल्लाहने त्याला क्षमा केली, ही हदीस, म्हणजे पैगंबरांनी सांगितलेली गोष्ट, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दोघांत न्यायाने निवाडा करणं, कुणाचं ओझं जनावरावर चढवून देणं, चांगला शब्द बोलणं, वाटेतली इजा करणारी वस्तू उचलणं, हे सगळं सदक्यातच मोजलंय. माझ्यासारख्या आकडेमोड्याला हे जमाखर्चाच्या वहीत बसवता येत नाही, हीच त्यातली गोम.

माझ्या अम्मीने आयुष्यात एकदाही जकात दिली नाही. तेवढं तिच्याकडे कधी साठलंच नाही. सत्तरी उलटली होती, गुडघे बोलत होते, तरी रस्त्यात फुटकी काच दिसली की ती थांबायची. काठी माझ्या हातात द्यायची, एक हात माझ्या गुडघ्यावर टेकून खाली बसायची आणि एकेक तुकडा वेचून रुमालात ठेवायची. बारीक चुरा राहायचा, तो चपलेने कडेला सारायची. मी घाईत असायचो. “अम्मी, राहू दे ना, झाडणारे येतील.” “येतील रे. पण त्यांच्या आधी कुणी अनवाणी आलं तर?” मग रुमालाची गाठ मारून माझा हात मागायची. ‘सदका’ हा शब्द त्या वेळी तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

आणि मी? मावसबहिणीच्या मुलाची दोन वर्षांची फी मी भरली होती. घरातल्या एका लग्नात तो समोर आला. चार जण बसले होते. मी हसत म्हणालो, “काय रे, पास होतोयस ना? माझी फी पाण्यात नाही ना जायची?” सगळे हसले. तोही हसला, पण बघत होता बुटांकडे. नोकरी लागल्यावर दर महिन्याला त्याच्याकडून पाकीट येऊ लागलं. मी नको म्हणालो, तो ऐकेना. अशी अकरा पाकिटं आली. शेवटच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘हिशेब पूर्ण’.

ज्या दानामागून दुखावणं येतं त्यापेक्षा गोड शब्द आणि क्षमा बरी, असं कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात आहे (आयत, म्हणजे वचन, २६३). पुढच्याच आयतीत म्हटलंय, की उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपलं दान वाया घालवू नका. ते खडकावरच्या मातीसारखं होतं, जोराचा पाऊस आला की खडक उघडा. ही आयत मी लहानपणापासून म्हणत आलोय. अर्थ मात्र त्या अकराव्या पाकिटाने शिकवला.

पैगंबरांचे पणतू अली जैनुल आबिदीन यांच्याबद्दल सांगतात, की ते रात्री पाठीवर पोती वाहून मदीनेतल्या गरिबांच्या दारात शिधा ठेवत. कोण ठेवतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. ते वारले, तेव्हा अंत्यस्नान घालणाऱ्यांना पाठीवर ओझ्याचे वळ दिसले, आणि शिधा येणंही थांबलं.

म्हणून जाता जाता एक गाऱ्हाणं. रमजान आला की मदतवाटपाचे फोटो येऊ लागतात: एका हातात पिशवी, दुसरा हात पसरलेला, दोघांचेही चेहरे कॅमेऱ्याकडे. उघड दान निषिद्ध नाही. त्याच दुसऱ्या अध्यायाची २७१वी आयत त्यालाही चांगलंच म्हणते. गुपचूप दिलेलं अधिक चांगलं, एवढंच. दुसऱ्यांना हुरूप यावा म्हणून देणाऱ्याचा चेहरा खुशाल छापा. घेणाऱ्याचा कशासाठी? त्याची संमती होती म्हणतात, पण पिशवी अजून समोरच्याच्या हातात असताना नाही म्हणायची ताकद कुणात असते?

लेखाची दुरुस्ती छापणार असाल तर ‘उत्पन्नाचे’ऐवजी ‘वर्षभर राहिलेल्या शिलकीचे’ आणि ‘दान केले’ऐवजी ‘देणे चुकते केले’ असा बदल करावा. ‘कर्तव्य पूर्ण होते’ हे शब्द गाळले तर बरं. पत्राखाली माझं नाव घालू नये. तो मुलगा आपला अंक वाचतो.

आपला,
एक सेवानिवृत्त हिशेब तपासनीस