हिशोबाच्या कागदामागे कुणाचं तरी आधार कार्ड

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या गॅसच्या केवायसीसाठी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. सहा झेरॉक्स, दोन कलर प्रिंट, बत्तीस रुपये झाले, पोराने हिशोब एका कागदावर लिहून दिला. घरी येऊन पिशवी रिकामी करताना तो कागद उलटा झाला तर मागे एका बाईचं आख्खं आधार कार्ड. फोटो, जन्मतारीख, पत्ता, बाराच्या बारा आकडे. शाई एका बाजूला फिकट आली म्हणून प्रिंट फुकट गेली असणार, मग पाठकोरा कागद म्हणून हिशोबाला लावला. आता पाठकोरे कागद वापरणं आपल्या आईवडिलांनीच शिकवलंय, त्यात त्या पोराचं काय चुकलं असं पण वाटलं आणि अंगावर काटा पण आला.

मग पुढच्या वेळी मुद्दाम लक्ष देऊन बघितलं. त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप सगळ्यांसमोर उघडं असतं. "ह्या नंबरवर पाठवा, प्रिंट काढतो" म्हणायचं, आपण पाठवायचं, प्रिंट घ्यायची आणि निघायचं. फाईल तिथंच. स्क्रीनवर आमच्या गल्लीतल्या सरांचं पॅन कार्ड, कुणाचं तरी पासबुकचं पहिलं पान, कुणाच्या लेकीची मार्कशीट, आणि रांगेतले आम्ही पाचसहा जण ते सगळं आरामात बघतोय. मी म्हटलं, दादा हे डिलीट नाही का करत? तो म्हणाला, "ताई, परत तीच माणसं येतात आणि म्हणतात तुमच्याकडं असेल बघा मागच्या वर्षीचं. डिलीट केलं की मलाच बोलतात." खोटं नाही बोलला तो, मी स्वतः असं म्हटलेलं आहे.

आणि गेली दोन वर्षं तर ह्या दुकानांना दम नाही. लाडकी बहीणचे फॉर्म आले 2024 ला, मग 2025 मध्ये त्याची ई-केवायसी, ॲडमिशन, शिष्यवृत्ती, रेशन कार्ड, सगळ्याला आधार आणि पासबुक जोडीने. बायका लहान पोरं कडेवर घेऊन रांगेत, कुणाचा कागद कुणाच्या फायलीत जातो कुणाला पत्ता नाही. लाडकी बहीण योजनेतच खारघरच्या एका बाईंचा अर्ज भरला जाईना म्हणून चौकशी केली तर त्यांचा आधार नंबर आधीच कुणीतरी वापरलेला, आणि धागा निघाला पार सातारा जिल्ह्यात, हे पेपरातच वाचलंय आपण सगळ्यांनी.

लोक म्हणतात नुसत्या झेरॉक्सने काय होतंय, ओटीपी दिल्याशिवाय पैसे जात नाहीत. पण गावाकडे बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या गावातल्या एजंटच्या, मशीनवर आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात, तिथं ओटीपी येतच नाही. पहिल्या दोन गोष्टी आपण झेरॉक्सबरोबर देऊनच येतो, राहिला अंगठा, तर त्याचे रबरी ठसे बनवून खाती रिकामी केल्याच्या केसेस झालेल्या आहेत. दुसरी गोष्ट सिम कार्डची. संचार साथी म्हणून सरकारची साईट आहे, तिथं आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. (एका माणसाच्या नावावर नऊ चालतात. नऊ कशाला लागतात देव जाणे.) मिस्टरांचं बघितलं तर चार निघाले. तीन ओळखीचे, चौथा कुणाचा माहीत नाही. "माझा नंबर नाही" म्हणून तिथंच कळवलं. त्या चौथ्या नंबरवरून कुणी कुणाला डिजिटल अरेस्टचा, म्हणजे खोटा पोलीस बनून पैसे उकळायचा, फोन केला असता तर पोलीस पहिले आमच्याच दारात आले असते ना. कुठल्या झेरॉक्सवरून घेतलं असेल ते सिम, हे विचारलं तर मिस्टर म्हणाले कुठं कुठं दिली ते आठवत पण नाही. खरंय. लॉजवर देतो, भाड्याच्या घराला देतो, शाळेत देतो. मागच्या वर्षी देवदर्शनाला गेलो तेव्हा लॉजवाल्याने काउंटरवर स्वतःच्या मोबाईलमध्ये सगळ्यांच्या कार्डाचे फोटो काढले, सासूबाईंचं पण, आणि आम्ही रूमची किल्ली घेऊन गप वर गेलो.

यावर सरकारने काही सांगितलंच नव्हतं असं नाही. मे 2022 मध्ये आधारच्या बंगळुरू ऑफिसने पत्रक काढलं होतं, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड म्हणजे आकडे झाकलेलं आधार द्या, हॉटेलांना वगैरे कॉपी ठेवायचा अधिकार नाही म्हणून. दोन दिवसात ते मागे घेतलं, म्हणे लोकांचा गैरसमज होईल. गैरसमज कसला, तेवढे दोनच दिवस तर समज आली होती! मास्क्ड आधार मात्र आजही साईटवरून डाउनलोड होतं, पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसतात. बायोमेट्रिक लॉक पण करता येतं, मग अंगठ्याने कुणी काही काढू शकत नाही, आपल्याला लागलं की आपणच उघडायचं. घरातल्या सगळ्यांचं मी लॉक करून टाकलं, सासूबाईंचं करताना मोबाईल नंबर लिंक नव्हता त्यामुळे आधार केंद्रावर अर्धा दिवस गेला ते वेगळंच.

पण मी मास्क्ड कॉपी घेऊन शाळेत गेले तर क्लार्क मॅडम म्हणतात, "हे चालत नाही, आकडे दिसत नाहीत, ओरिजनलची झेरॉक्स आणा." म्हणजे जो शहाणपणा करेल त्यालाच हेलपाटा. माझं म्हणणं एवढंच आहे की जिल्हाधिकारी साहेबांनी, नगरपालिकेने शाळांना, ऑफिसांना एक साधं पत्र काढावं, जिथं मास्क्ड चालतं तिथं ते घ्यायलाच पाहिजे, आणि सेतूवाल्यांना, झेरॉक्सवाल्यांना सांगावं की संध्याकाळी दुकान बंद करताना फाईली उडवा, वाया गेलेल्या प्रिंट फाडा. पाटी लावा हवं तर. आणि पैसे गेलेच तर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, लगेच फोन करायचा आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळवायचं, रिझर्व्ह बँकेचा 2017 पासूनचा नियम आहे, आपली चूक नसेल तर नुकसान आपल्यावर येत नाही. हे पण त्याच पाटीवर लिहा.

त्या बाईचा कागद माझ्याकडेच होता. फाडून टाकणार होते पण म्हटलं तिला कळायला तरी पाहिजे. पत्ता होताच कार्डावर, आमच्यापासून चार गल्ल्या लांब, विचारत विचारत घर सापडलं. बाई निवडत बसल्या होत्या तांदूळ. सगळं सांगितलं, कागद हातात दिला. त्यांनी उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "अगं एवढ्यासाठी उन्हात कशाला आलीस, राहू दे की, माझ्याकडं ओरिजनल आहे."

आपली,
एक वाचक, कराड