हौस नव्हे, कर्ज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धाडसी प्रवासिनींच्या यादीत हेल्गा एस्टबीचे नाव निघाले की तिच्या पायपिटीला हमखास ‘जगावेगळी भटकंती’ म्हटले जाते. मला हे खटकते. ती बाई हौसेने निघालीच नव्हती.

हेल्गा मूळची नॉर्वेची. अमेरिकेत स्पोकॅनजवळ मायका क्रीक इथे तिची शेती होती. १८९३च्या मंदीने सगळ्यांचेच कंबरडे मोडले होते. त्यात नवऱ्याची पाठ दुखावलेली, घरात आठ मुले आणि शेतावर जप्तीची टांगती तलवार. अशात पैज समोर आली : ठरल्या मुदतीत न्यूयॉर्कला पायी पोचा, १०,००० डॉलर घ्या. निघताना जवळ दरडोई ५ डॉलर, पुढचा खर्च वाटेत काम करून भागवायचा. ५ मे १८९६ रोजी थोरल्या क्लाराला घेऊन ती निघाली.

आगगाडीच्या रुळांच्या कडेने सुमारे ३,५०० मैल! सामानात पिस्तूल होते आणि केस कुरळे करायचा चिमटाही. (पोरीला ‘तो कशाला?’ म्हणून आईने घरी ठेवायला लावला नाही, हे मला फार आवडते.) वाटेत कुणाकडे साफसफाई कर, कुणाचे कपडे धू, असे करत डिसेंबरच्या अखेरीस दोघी न्यूयॉर्कला पोचल्या. मुदत टळली, असे सांगून पैज लावणाऱ्याने हात वर केले. परतीच्या भाड्यालाही पैसे नव्हते. इकडे घरी घटसर्प शिरला आणि दोन मुले गेली.

घरच्यांनी तिला माफ केले नाही. तो राग मला अगदीच अनाठायी वाटत नाही. लहान मुले मागे ठेवून मी गेले असते का, याचे उत्तर मला आजही देता येत नाही. शेतही पुढे गेलेच. पायपिटीचा विषय घरात वर्ज्य झाला. १९४२ मध्ये हेल्गा वारल्यावर तिने लिहून ठेवलेल्या आठवणी मुलींनी जाळल्या.

वाटेतल्या गावांत मायलेकी वर्तमानपत्रांच्या कचेरीत जाऊन आपली हकिगत सांगत. ती छापून आलेली काही कात्रणे एका सुनेने गुपचूप जपली, म्हणून आपल्याला हे कळले. तेव्हा आपल्या पुरवणीत हेल्गावर कधी लिहून आलेच, तर मथळ्यात ‘भटकंती’ तेवढी नको.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा