वायफाय डोंगलच्या खोक्यावर चिपचे नाव हवे

महोदय,

विंडोज १० साठीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही लिनक्सवरची प्रणाली टाकणे हा उत्तम आणि फुकट मार्ग आहे. पण डेस्कटॉपला लावलेले यूएसबी वायफाय डोंगल तिथे चालले नाही, की लोक लिनक्सलाच दोष देऊन परत फिरतात. खरी अडचण खोक्यावर आहे. तिथे कंपनी आणि वेग मोठ्या अक्षरांत असतो, चिपचे नाव नसते. आणि ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) ठरतो तो चिपवर. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या एकाच नावाखाली पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. ग्राहकाला हे कळणार कसे?

त्यामुळे डोंगल लावून टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) आधी ‘एलएसयूएसबी’ (lsusb) ही कमांड द्यावी. ‘०बीडीए:८१७९’ असा क्रमांक दिसला तर ती वरचीच रिअलटेक चिप. मग ‘युनेम -आर’ने (uname -r) कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आवृत्ती पाहावी. या चिपचा आधार कर्नल ६.३ पासून ‘आरटीएल८एक्सएक्सएक्सयू’ या ड्रायव्हरमध्ये आहे. रिअलटेकच्याच आरटीएल८८२१सीयू आणि ८८२२बीयू या चिपना ६.२ पासून कर्नलचा आधार मिळाला. ८८१२एयूला मात्र त्यानंतरही बराच काळ थांबावे लागले. म्हणून इंटरनेटवरून कुणाचाही कोड उतरवण्याआधी कर्नल अद्ययावत करा. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नल्स’ हा पर्याय आहे. तेवढ्यापुरते इंटरनेट अँड्रॉइड फोनच्या यूएसबी टेदरिंगवरून घ्यावे. त्याला वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही.

क्रमांक ‘०बीडीए:१ए२बी’ आला तर डोंगल बिघडलेले नाही. ते विंडोजचे ड्रायव्हर दाखवण्यासाठी सीडी ड्राइव्हचे रूप घेऊन बसले आहे. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज टाकावे, किंवा ती सीडी ‘इजेक्ट’ करून पाहावी. ‘डीमेसेज’ (dmesg) या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींमध्ये फर्मवेअर (चिपमध्ये भरायची फाइल) सापडत नसल्याची ओळ असेल तर ड्रायव्हर आहे, फक्त फाइल नाही. डेबियन या लिनक्सवर रिअलटेकसाठी ‘फर्मवेअर-रिअलटेक’ हे पॅकेज घ्यावे.

बाहेरचा ड्रायव्हर टाकावाच लागला तर ‘डीकेएमएस’ (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारे साधन) आणि चालू कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइल्स) हवेतच. डीकेएमएस नसेल तर पुढच्या कर्नल अपडेटला वायफाय पुन्हा जाते. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर रीस्टार्टनंतर येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून आधी ठरवलेला पासवर्ड द्यावा लागतो. घाईत हा पडदा सोडला, की सही मान्य नसल्याने कर्नल ड्रायव्हर नाकारतो.

नवीन घेणाऱ्यांनी मीडियाटेकची एमटी७६१२यू (कर्नल ४.१९ पासून) किंवा एमटी७९२१एयू (५.१८ पासून) मागावी. उत्पादकांनी आणि ऑनलाइन विक्रेत्यांनी चिप व हार्डवेअर आवृत्ती ठळक छापावी. शाळा-ग्रंथालयांनीही खरेदीच्या निविदेत ‘लिनक्स सपोर्टेड’ एवढेच न लिहिता चिपचे नाव आणि किमान कर्नल लिहावा.

– एक वाचक, सांगली